कललेली मान

माझा एक धाकटा भाऊ होता. तो सात वर्षांचा असताना वारला. त्याचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही. त्या काळी आमच्या खेड्यात छायाचित्र काढवून घेणे ही सहज घडणारी गोष्ट नव्हती. त्यासाठी तालुक्याच्या गावी जावे लागे, आणि तालुक्याच्या गावी जावयाचे ते बियाणे, औषध किंवा कोर्टकचेरी यांसाठी. लहान मुलाचा चेहरा कागदावर उतरवून ठेवावा, असे कोणाच्या मनातही येत नसे. मूल डोळ्यांसमोर हिंडत असे. मग त्याचे चित्र कशाला?

1961 सालच्या श्रावणात त्याला विषमज्वर झाला. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. नदी दुथडी भरून वाहत होती, तर बंद होती, आणि डॉक्टर राहत होते पलीकडच्या तीरावर. वडील रोज सकाळी नदीपर्यंत जात आणि पाण्याकडे पाहून परत येत. आई रात्र रात्र जागे. पहाटे तिचा डोळा लागला, म्हणजे भावाच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवण्याचे काम माझ्याकडे येई. घडी ठेवावी, तर त्याची मान उजव्या खांद्याकडे कले आणि घडी उशीवर पडे. मी मान सरळ करी. ती पुन्हा कले. एकदा मी थोडासा रागावूनच ती सरळ केली, तेव्हा तो डोळे न उघडता म्हणाला, "दादा, राहू दे ना. अशीच बरी वाटते." मग मी ती तशीच राहू दिली आणि घडी हाताने धरून बसलो.

नदी उतरली, डॉक्टर आले. पण उशीर झाला होता.

पुढे मी शिकलो, शिक्षक झालो, संसारात पडलो. वर्षांमागून वर्षे गेली आणि हळूहळू माझ्या ध्यानात आले, की भावाचा चेहरा मला आठवत नाही. त्याचे नाक कसे होते? भुवया दाट होत्या की विरळ? हसताना गालाला खळी पडे का? यांतले काहीच सांगता येईना. आठवे ती फक्त उजव्या खांद्याकडे कललेली मान. आई थकली, अंथरुणाला खिळली, तेव्हा एके दिवशी तिने मला विचारले, "तो कसा रे दिसायचा? तुला आठवतं का?" तिलाही तो चेहरा आठवेनासा झाला होता, हे मला त्या प्रश्नावरून कळले. मी "हो" म्हणालो. ते खोटे होते. त्या खोट्याची लाज मी पुष्कळ वर्षे मनात बाळगली.

आता जी हकीकत सांगावयाची आहे, ती फार दूरच्या एका शहरातली आहे. माझी मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे राहते. तिच्याकडे गेलो असताना माझ्या नातीने मला तेथील कलासंग्रहालय दाखवावयाचे ठरविले. नात बारा वर्षांची. तिच्या शाळेत त्या वर्षी ग्रीक पुराणकथा शिकवीत होते, आणि त्या मला सांगितल्यावाचून तिला चैन पडत नसे.

संग्रहालयाची इमारत एका टेकाडावर उभी आहे. समोर 72 पायऱ्या आहेत. मी त्या चार वेळा थांबून चढलो. वर गेल्यावर जणू काही प्राचीन ग्रीक देवालयांच्या आवारातच आपण आलो आहोत, असे वाटते. उंच खांबांच्या रांगा, आणि एका बाजूच्या माथ्यावरील त्रिकोणात भाजलेल्या मातीच्या रंगीत मूर्ती. मध्यभागी देवांचा राजा झ्यूस. त्याच्या दोहों बाजूंस इतर देवदेवता व वीर. बैलाचे डोके असलेला एक राक्षसही आहे. आपल्याकडील गोपुरांवर असते तशीच ही देवांची दाटी पाहून मला फार बरे वाटले. अंगावरची वस्त्रे, डोक्यावरचे केस, हातांतल्या वस्तू, सगळे जेथल्या तेथे. मूर्ती म्हटली म्हणजे ती अशी असावी, असे माझे मत होते.

आत एका दालनात एक प्रचंड चित्र टांगलेले होते. ते फ्लँडर्सचे थोर चित्रकार पीटर पॉल रुबेन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी रंगविलेले आहे. चित्राची उंची सुमारे आठ फूट. त्यात एक धिप्पाड पुरुष खडकावर उलटा पडला आहे, त्याचे हात साखळदंडाने जखडले आहेत आणि एक गरुड पंख पसरून त्याच्या पोटाचा लचका तोडीत आहे. गरुडाचा एक पंजा थेट त्या पुरुषाच्या तोंडावर रोवलेला. हा गरुड रुबेन्स यांनी काढलेला नाही. पशुपक्षी काढण्यात निष्णात असलेल्या फ्रान्स स्नायडर्स यांच्याकडून त्यांनी तो काढवून घेतला. चित्र पाहून मी दोन पावले मागे सरलो.

"हा प्रॉमिथिअस, आजोबा," नात म्हणाली. आणि तेथेच उभी राहून तिने मला ती कथा सांगितली.

प्रॉमिथिअस हा टायटन नावाच्या जुन्या देवकुळातला. माणसे थंडीत कुडकुडत, कच्चे अन्न खात. झ्यूसने अग्नी आपल्यापाशी लपवून ठेवला होता. प्रॉमिथिअसला माणसांची दया आली. बडीशेपेच्या जातीच्या एका झाडाच्या पोकळ दांड्यात त्याने निखारा दडविला आणि तो पृथ्वीवर आणून माणसांना दिला. चूल पेटली, भट्टी पेटली, धातू वितळू लागला. झ्यूस संतापला. त्याने प्रॉमिथिअसला दूर डोंगरावरच्या कड्याला जखडून ठेवले. रोज एक गरुड यावयाचा आणि त्याचे यकृत खावयाचा. रात्री ते पुन्हा वाढावयाचे आणि दुसऱ्या दिवशी गरुड पुन्हा हजर! अमर असल्यामुळे बिचाऱ्याला मरणाची सुटकाही नव्हती. शेवटी हेराक्लीस नावाच्या वीराने बाण मारून तो गरुड पाडला, तेव्हा कोठे त्याची सुटका झाली.

"दुसऱ्यांसाठी विस्तव आणला म्हणून शिक्षा?" मी म्हणालो.

"हो ना! मला झ्यूसचा फार राग येतो," ती म्हणाली.

असे बोलत बोलत आम्ही निघालो आणि बऱ्याच दालनांनंतर एका शांत, उजळ दालनात येऊन पोहोचलो. तेथे दगडाचे, लाकडाचे आणि झगझगीत पितळी रंगाच्या धातूचे निरनिराळे आकार मांडून ठेवले होते. काही उभे, काही आडवे. एकावरही फारशी नक्षी नव्हती. त्यांच्यात एक लहानसा पांढऱ्या संगमरवराचा गोळा होता. लांबी असेल सुमारे अठरा सेंटिमीटर. म्हणजे ओंजळीत मावेल एवढा.

"अंडं!" नात हसून म्हणाली. मीही हसलो. मग तिने पाटी वाचली आणि ती गप्प झाली. "आजोबा, हा प्रॉमिथिअस आहे."

पाटीवर नाव होते कॉन्स्तांतिन ब्रांकुशी आणि साल होते 1911.

खरे सांगावयाचे तर मला रागच आला. आताच आठ फूट उंचीचा प्रॉमिथिअस पाहून आलो होतो. येथे कडा नाही, साखळदंड नाही, गरुड नाही. हात नाहीत, पाय नाहीत, धडही नाही. नुसते एक डोके, आणि त्यालाही डोळे नाहीत! हा मूर्तिकार आळशी तरी असावा किंवा आपली थट्टा करीत असावा, असे मला वाटले. असा विचार मनात आलेला मी काही पहिलाच माणूस नव्हे. याच ब्रांकुशी यांची 'अवकाशातील पक्षी' ही धातूची मूर्ती 1926 साली न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली, तेव्हा जकात अधिकाऱ्यांनी तिला मूर्ती मानण्यास नकार दिला. कलाकृतीवर जकात नव्हती. पण त्यांनी ती उंच, चकचकीत वस्तू स्वयंपाकघरातील भांडी आणि इस्पितळातील सामान यांच्या सदरात घातली आणि 40 टक्के जकात मागितली. प्रकरण न्यायालयात गेले. पक्ष्यासारखी दिसत नसली तरी ही कलाकृतीच आहे, असा निकाल 1928 साली लागला. अशाच पक्ष्याच्या तीन मूर्ती आपल्या इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी विकत घेतल्या होत्या. त्या ठेवण्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधावयाचे होते, आणि त्यासाठी ब्रांकुशी 1937-38 च्या हिवाळ्यात भारतात येऊनही गेले. मंदिर मात्र झाले नाही. हे सगळे मला मागाहून वाचून कळले. त्या दिवशी मी आणि ते जकात अधिकारी एकाच मताचे होतो.

नात पुढच्या वस्तूकडे गेली. माझे पाय दुखत होते, म्हणून मी तेथेच उभा राहिलो. उभा राहिलो म्हणून पाहू लागलो.

पहिल्याने दिसले ते हे, की तो गोळा अंड्यासारखा नव्हता. भूमितीत आपण लंबगोल काढतो, त्याची एक बाजू दुसरीसारखी असते. येथे तसे नव्हते. एका बाजूस गाल किंचित भरलेला होता. कान असावा तेथे अगदी पुसटसा उंचवटा होता. कपाळाखालून नाकाची एक रेषा निघाली आहे असे वाटे, आणि जरा बाजूला सरकले की ती उजेडात विरघळून जाई. आणि खाली मानेचा एक आखूड तुकडा होता. त्या तुकड्यावरून ते डोके एका अंगाला पडले होते. कोणी ठेवले म्हणून नव्हे. सावरण्याचे बळ संपले म्हणून.

माझा हात आपोआप पुढे झाला. त्या मूर्तीला हात लावावयाचा नसतो. पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि मी हात मागे घेतला. ते डोके सरळ करावयास माझा हात पुढे गेला होता, हे त्याला कसे कळणार?

मला आमची माजघरातली खोली दिसली. कंदील बारीक केलेला, बाहेर पाऊस, मिठाच्या पाण्याचे पितळी भांडे. नाक नाही, डोळे नाहीत. मान मात्र तीच.

घरी परतल्यावर मी ब्रांकुशी यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. त्यांचा जन्म 1876 साली रुमानियातील होबित्सा नावाच्या खेड्यात, एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी त्यांनी मेंढरे राखली. क्रायोव्हा येथे कारागिरी शिकून ते बुखारेस्टच्या कलाशाळेत गेले. त्यांना हुबेहूब माणूस घडविता येत नव्हता, असे मात्र समजू नका. 1902 च्या सुमारास त्यांनी एका शरीरशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली कातडी काढलेल्या माणसाचा एक पुतळा तयार केला. त्यात एक एक स्नायू इतका बिनचूक होता, की त्याचा उपयोग वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना होऊ लागला. ज्याला मनगटातली शीर न् शीर ठाऊक होती, त्यानेच पुढे हात घडविणे सोडून दिले! मग आळसाचा माझा आरोप मलाच मागे घ्यावा लागला.

तेथून ते पॅरिसला गेले; या प्रवासाचा बराचसा भाग त्यांनी पायी केला असे सांगतात. 1907 साली त्यांना रोदँ या जगप्रसिद्ध मूर्तिकारांच्या कार्यशाळेत काम मिळाले. ते थोड्याच आठवड्यांत त्यांनी सोडले. मोठ्या झाडाच्या सावलीत दुसरे काही वाढत नाही, असे त्याचे कारण ते देत. गरीब माणसाने असे काम सोडण्याला धैर्य लागते. मला तर पगाराची नोकरी कधी सोडवली नसती.

पण माझ्या मनाला चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. त्याच 1907 साली त्यांनी एका मुलाची मूर्ती घडविली. तिचे नाव 'यातना'. ती ब्राँझची मूर्ती आता शिकागोच्या संग्रहालयात आहे. मी तिचे छायाचित्र पाहिले. त्यात खांदे आहेत, छाती आहे, नाकडोळे आहेत. आणि त्या मुलाची मान वेदनेने खांद्यावर कलली आहे. पुढे 1910 साली त्यांनी 'निद्रिस्त कलादेवी' घडविली. ग्रीक पुराणात नऊ कलादेवता आहेत, त्यांच्यापैकी ही एक. येथे खांदे गेले, धड गेले. उशीवर असावे तसे एक लांबट, शांत डोके राहिले. मिटलेल्या पापण्या आणि नाकाची सरळ रेषा एवढेच त्यावर दिसते. आणि 1911 साली प्रॉमिथिअस! त्या दुखणाईत मुलाची मान त्यांनी चार वर्षांनंतर त्या अग्नी आणणाऱ्या देवाला दिली. बाकीचे सारे एकेक करून टाकून दिले. मान टाकली नाही. मूर्ती नीट बसविली, तर गरुड यकृत तोडीत असताना डोके खांद्यावर कसे पडले आहे ते दिसते, अशा अर्थाचे काहीतरी ते स्वतः म्हणत असत.

तुम्ही म्हणाल, सगळे टाकून द्यावयाचे तर ते सोपेच आहे. मला तसे वाटत नाही. रुबेन्स यांच्या चित्रात चूक झाली असती तर दुसऱ्या पन्नास गोष्टींनी ती झाकली असती; गरुडाचा पंख चुकला तरी साखळदंड आहेच. येथे झाकावयास काहीच नाही. संगमरवर एकदा फाजील कोरला गेला की परत चिकटविता येत नाही. नाक पुसट करता करता ते किती उरू द्यावयाचे, हे ठरविणारा हात केवढा सावध असला पाहिजे! आणि तरी रुबेन्स यांचे चित्र मला कमी वाटत नाही. ते पाहून मी भ्यालो होतो. हे पाहून भ्यालो नाही. मूर्तीची उशी नीट करावी असे वाटले.

आमच्या गावच्या देवीची मूर्तीही अशीच आहे, हे मला फार उशिरा सुचले. ती मूर्ती नव्हेच. तो तांदळा आहे, शेंदूर लावलेला एक गोल दगड. तिला नाक कोठे, कान कोठे, असे गावात कधी कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. मग परक्या देशातल्या दगडाकडूनच मी नाकडोळ्यांची मागणी का करावी? दोन्ही गोष्टी एक आहेत असे मी म्हणत नाही. तांदळा पूजेसाठी आहे आणि ही मूर्ती पाहण्यासाठी. पण डोळ्यांवाचून चेहरा असू शकतो, हे मला लहानपणापासून ठाऊक असावयास हवे होते.

भारतात परतण्यापूर्वी मी नातीला पुन्हा एकदा त्या दालनात घेऊन गेलो. या वेळी ती हसली नाही. तिने गुडघे वाकविले, डोळे मूर्तीच्या पातळीवर आणले आणि बराच वेळ पाहत राहिली.

"आजोबा," ती म्हणाली, "याची मान दुखत असेल ना?"

मग मी तिला माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. ती मी तिच्या आईलाही कधी सांगितली नव्हती. नदीचा पूर, बंद पडलेली तर, कपाळावरच्या घड्या, सगळे सांगितले. तिने मध्ये काही विचारले नाही. दालनात दुसरे कोणी नव्हते. पहारेकरी दाराशी उभा होता.

"तो कसा दिसायचा, आजोबा?" तिने शेवटी विचारले.

मी चष्मा काढला, डोळे मिटले आणि मान उजव्या खांद्याकडे कलू दिली.